ब्रेकच्या दांडीचा तुकडा

अण्णांचा कारखाना बंद पडला आणि अण्णा घरात बसले. बसले म्हणजे अक्षरशः बसले. येरवड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, भिंतीला टेकवलेल्या सायकलकडं बघत. त्याच सायकलवरून ते इतकी वर्षं कामावर गेले होते. तेव्हा पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते, मीही एकात जायचे. शेजारणी म्हणायच्या, "तुझं बरंय बाई, आता दिवस तुमचेच." आणि हे अण्णांच्या तोंडावर! असा संताप व्हायचा माझा.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहाराच्या दारावर फिरणारं धम्मचक्र लावायचं ठरलं. मंडळाची माणसं घरी आली. अण्णा "नको" म्हणायच्या आत आईच चहा घेऊन बाहेर आली. "करतील की. न करायला काय झालं?"

चक्र प्लायवूडचं, त्याच्यामागं जाड लोखंडी दांडा. मोटर भंगारातल्या ट्रकच्या वायपरची, तिचा शाफ्ट दांड्याच्या निम्मासुद्धा जाड नाही. दोघांना जोडायचं कसं? अण्णांनी ओळखीच्या लेथवर एक बुश, म्हणजे लोखंडी नळकांडं, करून आणला. एका बाजूच्या मोठ्या भोकात दांडा पक्का बसायचा. दुसऱ्या बाजूचं लहान भोक आट्याचं, ते शाफ्टवर नटासारखं पिळून बसवायचं. कित्येक महिन्यांनी त्यांच्या हाताला ग्रीसचा वास आला. मला तो फार आवडायचा. आता खराडीत माझ्या ऑफिसात कसलाच वास येत नाही.

पौर्णिमेच्या दुपारी अण्णांनी मागं मोटरशेजारी उभं राहून बटण दाबलं. चक्र फिरलं, टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "छान झालंय हो. फक्त उलटं फिरतंय."

अण्णांनी सगळं मागूनच तपासलं होतं. मागून सुलटं ते पुढून उलटं! मला हसू आलं, पण अण्णांचा चेहरा बघितला आणि जिरलं.

"त्यात काय, वायरी बदलू," ते म्हणाले. वायरी बदलल्या, चक्र सुलटं फिरायला लागलं आणि जरा वेळानं थांबलं. मोटर मात्र घुंघुं करत फिरतच होती. दिशा बदलल्यावर बुश शाफ्टवरून आपोआप उकलून निघाला होता.

"राहू द्या अण्णा, नाही फिरलं म्हणून काय बिघडलं?" मंडळातलं कुणी तरी म्हणालं. चांगल्या मनानंच म्हणालं. पण अण्णा घरी आले आणि पुन्हा सायकलसमोर बसले. संपलं सगळं, असंच वाटलं मला.

मग ते एकदम उठले, करवत घेतली आणि सायकलच्या ब्रेकची दांडी कापायला लागले.

"अहो, ब्रेक आहे तो!" आई ओरडली.

"कुठं जायचंय मला आता?"

विहारात परत जाऊन, बुश पुन्हा शाफ्टवर चढवून त्यांनी दोन्हींतून आरपार भोक पाडलं आणि दांडीचा तुकडा त्यात ठोकून बसवला. आता सुटायची काय बिशाद!

संध्याकाळी बटण मी दाबलं. अण्णा या वेळी पुढं, लोकांत उभे होते. चक्र फिरलं, सुलटं, आणि फिरतच राहिलं. "आता कसं!" आजी म्हणाल्या. अण्णा हसले. त्यांना हसताना बघून किती दिवस झाले होते!

घरी येताना ते आईला म्हणाले, "उद्या सायकलला ब्रेक बसवून घेतो. वाघोलीकडं एक-दोन वर्कशॉप निघालेत म्हणे. जाऊन बघतो."

आई "बरं" म्हणाली आणि भर रस्त्यात रडायला लागली.