कप्तानाचे नातू

दुसरं महायुद्ध इंग्रजांनी आणि त्यांच्या दोस्तांनी जिंकलं, अशी ज्यांची भाबडी समजूत आहे त्यांनी आमच्या व्याह्यांना एकदा भेटावं. ते युद्ध आमच्या व्याह्यांच्या आजोबांनी जिंकलं. इंग्रज बरोबर होते, एवढंच. ही माहिती मला मुलीचं लग्न ठरवायला त्यांच्या भाट्ये गावातल्या घरी गेलो तेव्हाच मिळाली. मुलीचा बाप म्हणून मी मानपान, कार्यालय, जेवणाच्या पंगती अशा सगळ्या प्रश्नांची तयारी करून गेलो होतो. त्यांनी कोकम सरबताचा पेला माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुमच्याकडे दर्यावर कोणी होतं का?" मी गडबडलो. म्हणालो, "माझे एक काका फेरीबोटीवर तिकिटं फाडायचे." व्याह्यांनी डोळे मिटून थोडा विचार केला, "चालेल," म्हणाले, आणि लग्न ठरलं.

गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. म्हणजे नोकरीत पाण्याशी संबंध नव्हता असं नाही, पण ते पाणी बहुतेक कागदावरच असे. खऱ्या पाण्याचं आणि त्यांचं जमत नाही. धक्क्यावर बांधलेली होडी हलताना नुसती बघितली तरी त्यांना मळमळतं आणि खिशातली आवळासुपारी बाहेर येते. पण बोलणं सगळं दर्यावर्दी. घराच्या पडवीला ते डेक म्हणतात, सुनेने, म्हणजे माझ्या मुलीने, चहाला उशीर केला तर स्वयंपाकघराकडे तोंड करून "गॅलीत कोण आहे?" असा पुकारा करतात. एकदा मी त्यांच्याबरोबर रिक्षाने बाजारात निघालो होतो. उजवं वळण आलं तसे हे ओरडले, "स्टारबोर्डला घ्या!" रिक्षावाल्याने रिक्षा थांबवली, मान वळवली आणि फार आपुलकीने म्हणाला, "काका, असं दुकान इकडे नाय हां. बोर्ड रंगवणारा एक आहे, पण तो स्टँडाच्या मागे." त्यावर व्याही मला म्हणाले, "बघितलंत? जिल्हा समुद्राकाठचा आणि ही जाण!"

आता खरं सांगायचं तर आजोबांविषयी त्या घरात एवढंच नक्की माहीत होतं, की ते बोटीवर होते, लढाई पेटल्यावर गेले आणि परत आले नाहीत. बुडाले असं सरकारने कळवलं नाही. मग गावाने आपल्या सोयीने कळवून घेतलं. कोणी म्हणे तिकडे आफ्रिकेत दुसरं बिऱ्हाड थाटलंय. राजापूरच्या एका गृहस्थांनी तर त्यांना मोंबासाला चहा पिताना पाहिलं होतं, आणि हे गृहस्थ स्वतः जन्मात पनवेलच्या पुढे गेलेले नव्हते. आजीने कुंकू पुसलं नाही. बारा वर्षं वाट बघून करायचा विधीही तिने करू दिला नाही. त्यामुळे तिचा मुलगा, म्हणजे व्याह्यांचे वडील आप्पा, नव्वदीला टेकले तरी पितृपक्षात वडिलांचा म्हाळ घालत नव्हते. बाप गेला हेच ठाऊक नाही तर पान वाढायचं कुणासाठी? भाद्रपदात सगळ्या वाडीत वड्यांचा वास सुटायचा आणि आप्पा रस्त्याकडे पाठ करून पडवीत बसून राहायचे. एकदा मी शेजारी बसलो होतो तेव्हा म्हणाले, "मरायच्या आधी येवढं कळाया हवं. बुडाला का पळाला." मी आंब्याच्या येत्या मोहोराची चौकशी केली.

व्याह्यांच्या कप्तानगिरीच्या मुळाशी हे होतं. बापाच्या जिवाला लागलेला प्रश्न सोडवायला ते निघाले, पण वाटेत त्यांनी आजोबांना बढती देण्याचा सपाटा लावला. आमची ओळख झाली तेव्हा आजोबा नुसते अधिकारी होते. साखरपुड्याला ते दुय्यम कप्तान झाले आणि नातवाच्या बारशाला पूर्ण कप्तान. आणखी एक मूल झालं असतं तर ॲडमिरल नक्की होते. पुराव्याचं विचाराल तर, "एवढा तडफदार माणूस, त्याला काय डेक पुसायला ठेवतील?" हा पुरावा. आजोबांचा फोटो नव्हता. म्हणून जावईबापूंच्या एका मित्राकडून कॉम्प्युटरवर चित्र करवून घेतलं. व्याह्यांचाच चेहरा, त्यावर भरघोस मिशा, डोक्यावर पांढरी टोपी आणि छातीवर जागा संपेपर्यंत पदकं. कॉम्प्युटरने उजव्या हाताला सहा बोटं दिली होती. मी ती भीत भीत दाखवली, तर व्याही जराही न डगमगता म्हणाले, "अहो, बोटीवरचा माणूस. एखादं बोट जास्त असायचंच." ते चित्र दिवाणखान्यात लागलं. आप्पा जाता-येता त्याच्याकडे बघत आणि पुढे जात.

मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर, तेव्हा बोटींची जुनी दप्तरं सांभाळणाऱ्या विलायतेच्या कचेरीशी करायच्या पत्रव्यवहाराचा कारभार आपसूक माझ्याकडे आला. व्याही मराठीत सांगणार आणि मी त्याचं इंग्रजी करून मोबाईलवरून पाठवणार. "लिहा, आमचे आजोबा द्या, नाहीतर कारण द्या." "लिहा, तुम्ही राज्य घालवलंत ते हिशेब न ठेवल्यामुळे." मी यातलं निम्मं गिळून नम्र पत्रं पाठवत असे, आणि त्यांची नम्र उत्तरं आली की व्याही म्हणत, "बघा, कसे टरकले!" जिथे कुठे जुना खलाशी आहे असं कळे तिथे ते एसटीने जात. राजापूरला एका आजीबाईंचे मामा बोटीवर होते म्हणून गेले, त्या आजीबाई ठार बहिऱ्या निघाल्या, तेव्हा त्यांनी दिलेले काजू घेऊन परत आले. मी एकदा विचारलं, "आप्पांना विचारलंत का?" त्यावर ते माझ्याकडे वर्गातल्या ढ मुलाकडे बघावं तसे बघत राहिले. "ते तेव्हा एवढंसं पोर. त्यांना काय कळणार? पुरावा हवा, व्याहीबुवा, पुरावा!"

पुरावा आला तो ऐन आंब्याच्या दिवसांत. पडवीभर पेट्या आणि गवत पसरलेलं, आप्पा एका बाजूला बसून आंबे निवडत होते. व्याह्यांनी मला तातडीने बोलावून घेतलं होतं. मोबाईल माझ्यापुढे नाचवत ते कडाडले, "ह्या विलायतवाल्यांनी भलत्याच माणसाची माहिती पाठवलीय! नाव जुळतं, बापाचं नाव जुळतं, गावही जुळतं. पण हा माणूस भंडारी! अहो, भंडारी लोकांत माझे जिवाभावाचे मित्र आहेत. पण आमचं कूळ वेगळं, देवक वेगळं. आजोबा एका रात्रीत भंडारी कसे होतील? लिहा, की तुम्हाला कप्तान आणि भंडारी यांतला फरक कळत नाही!"

मी खिशातून चष्मा काढत होतो, तेवढ्यात आप्पा हातातला आंबा न ठेवता म्हणाले, "तोच तो."

"कोण तोच?"

"माझा बापूस. बोटीवर भंडारी म्हंजे जेवण रांधणारा. जात न्हवं रे ती, काम हाय. सगळ्या खलाशांचं जेवण त्याच्याकडं व्हतं; सगळे जेवल्याबिगर सवता बसायचा न्हाय."

व्याह्यांचा नाचता मोबाईल खाली आला. मग ते म्हणाले, "आप्पा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय तर. रजेवर आला की आयला पाटावर बसवायचा नि सवता रांधायचा. दार लावून. बाप्यामाणूस चुलीशी बसलेला कुनी बघाया नको म्हनून."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"मला इचारलंस कधी?" आप्पा म्हणाले. मग आंबा हातात फिरवत, "आनि तू त्या कप्तानावर येवढा खूश व्हतास. म्हटलं, कशाला मोडा."

मला हसू आलं होतं, पण ते तोंडाशीच राहिलं, कारण आप्पांनी आंबा खाली ठेवला आणि विचारलं, "त्या भंडाऱ्याचं पुढं काय झालं, ते लिवलंय?"

व्याह्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. बोट माल घेऊन चालली होती, पाणबुडीने फोडली. बोटीवरचं कोणी वाचलं नाही.

"कोनीच न्हाय?"

"कोणीच नाही, आप्पा."

आप्पांनी हातांना लागलेलं गवत झटकलं. "म्हंजे पळाला न्हाय," ते म्हणाले. "आय म्हनायची, जिता असंल तर येईल. खरं बोलायची." आणि नव्वदीचा तो म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला. व्याही त्यांच्याजवळ जाऊन नुसते बसले. बापाचं कसं सांत्वन करायचं याचा त्यांना काही सराव नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी आप्पांच्या पुढ्यातले आंबे निवडायला घेतले आणि सगळे चुकीच्या पेटीत भरले.

चित्र दुसऱ्या दिवशी उतरलं. आता कोणी विचारलं तर व्याही छाती काढून सांगतात, "आजोबा भंडारी होते." समोरचा साहजिकच म्हणतो, "अहो, पण तुम्ही तर..." की झालं. बोटीवरचा स्वयंपाक, वादळात भात कसा शिजवतात, कप्तानाशिवाय बोट चालेल पण भंडाऱ्याशिवाय नाही, असं अर्धा तास चालतं. माझा अंदाज आहे, या वेगाने महायुद्ध भंडाऱ्याने जिंकायला फार दिवस लागणार नाहीत.

भाद्रपदात त्या घरी पहिल्यांदा म्हाळ झाला. तिथी ठाऊक नव्हती, म्हणून सर्वपित्री अमावास्या धरली. रांधायला बायकांना चुलीजवळ येऊ द्यायचं नाही असं व्याह्यांनी जाहीर केलं. ज्यांना चहाचं आधण कळत नाही ते सकाळपासून स्वयंपाकघरात होते, दारं सताड उघडी टाकून. वडे दगडासारखे झाले होते, काळ्या वाटाण्याच्या आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, खीर खालून लागली होती. माझी मुलगी दाराआडून मला खुणा करत होती की काही बोलू नका. मी बोलणार नव्हतोच.

केळीचं पान मांडलं. व्याह्यांनी एकेक पदार्थ वाढला. आप्पा काठी टेकत आले, पानासमोर बसले आणि हात जोडून म्हणाले, "बाबा, सगळ्या खलाशांचं जेवून झालंय. आता तुमी बसा."