पपईवरचं स्टिकर

किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहत असावं आणि त्यांचा जिना आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून असावा, एवढं पुरतं. किस्से स्वतःच पायऱ्या उतरून खाली येतात आणि विचारतात, "काका, चहा झाला का?"

बजाजनगरातल्या माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर अडीच वर्षांपासून संदेश आणि रूथ राहतात. सोबत त्यांची एस्तेर, वय वर्षं चार. संदेश वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. रूथ शाळेत गणित शिकवते. आम्ही चर्चच्या एकाच मंडळीचे, त्यामुळं रविवारी उपासनेला एकाच बाकावर बसतो. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासतो. म्हणजे एका छपराखाली दोन तपासनीस! रूथ म्हणते, "देवानं मला एक दिला असता तरी पुरला असता."

माझी पत्नी विमल ते राहायला यायच्या आदल्या वर्षी गेली.

*

ते आले त्याच आठवड्यातली गोष्ट. रूथनं मला जेवायला बोलावलं. तिनं गरम भाकरी ताटात टाकली, आणि संदेशनं खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला! कारखान्यात सुट्या भागांची जाडी मोजतात ते. त्यानं भाकरीची कड मोजली. मग मधोमध मोजली. मग मान हलवत म्हणाला, "कडेला दोन मिलिमीटर जास्तीची आहे."

मी ताटात पाहत राहिलो. रूथनं परात उचलली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली.

"उठा. तुमची बदली झाली. आजपासून प्रॉडक्शन!"

त्या दिवशी संदेशनं केलेल्या भाकरीला कड नव्हतीच. नकाशातल्या जिल्ह्यासारखी होती. कॅलिपर पुन्हा कधी जेवणाच्या खोलीत आला नाही.

*

कॅलिपर गेला, पण स्टिकर राहिली. कारखान्यात जुन्या छपाईची उरलेली स्टिकर टाकून देतात, ती हा घरी आणतो. हिरवं म्हणजे 'ओके', लाल म्हणजे 'रिजेक्ट'. प्रत्येकावर दोन ओळी असतात. वर माल बनवणाऱ्याचं नाव, खाली तपासणाऱ्याचं. संदेशचा त्यावर फार विश्वास. "काका, वरचं नाव महत्त्वाचं. आम्ही काय, नुसतं बघणारे."

एका रविवारी उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ वाचायची पाळी त्याची होती. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून तो बाकावरून उठला आणि ऐटीत वेदीकडं चालू लागला. मागच्या दोन बाकांवर खुसखुस झाली. मग पुढच्या. मग बायकांचे पदर तोंडाशी गेले. त्याच्या पाठीवर, बरोबर मधोमध, लाल स्टिकर होतं!

एस्तेर माझ्या मांडीवर बसून हातातली उरलेली स्टिकर मोजत होती.

त्यानं पाठ छान वाचला. पाठ फिरवली की हसू, तोंड फिरवलं की शांतता! उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी दारात त्याचा हात हातात घेतला.

"सलाम, संदेश. वाईट वाटून घेऊ नकोस. इथं रिजेक्ट माल परत पाठवत नाहीत!"

*

आता मुख्य दुखण्याकडं येतो.

आमच्या मंडळीत पावसाळा सरला की कापणीचा सण असतो. त्या रविवारी प्रत्येक घर काही ना काही वेदीपुढं आणून ठेवतं. ज्यांची शेती आहे ते कणसं आणतात, कुणी कोंबडी आणतं, बाकीचे बाजारातून आणतात. पण एक टेबल वेगळं असतं. त्यावर फक्त स्वतः पिकवलेलं ठेवायचं. तिथं पाळकसाहेबांच्या पत्नी, आमच्या पाळकीणबाई, उभ्या असतात. त्या वस्तू हातात घेतात, उलटसुलट पाहतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पिकवणाऱ्याचं नाव पुकारतात. विमल असताना त्या टेबलावर दरवर्षी आमच्या गच्चीवरचा दुधी असायचा.

संदेश वैजापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. कारखान्यात दहा वर्षं झाली. त्याला एकच हौस आहे. "काका, त्या टेबलावर एकदा माझं नाव पुकारलं पाहिजे. आमच्या बापाला फोन करून सांगीन, पोरगं अजून विसरलं नाय म्हणून."

पहिल्या वर्षी त्यानं कुंड्यांत वांगी लावली. आलं एकच. पाळकीणबाईंनी ते हातात घेतलं, फिरवलं, तर एका बाजूला भोक आणि भोकातून डोकावणारी अळी. बाईंनी चेहरा जरासुद्धा न बदलता पुकारलं,

"भालेराव कुटुंबाकडून एक वांगं. भाडेकरूसकट!"

*

दुसऱ्या वर्षी पपई. झाड चांगलं वाढलं, दोन पपया धरल्या, आणि सणाच्या आदल्या दिवशी पोपटांनी दोन्ही फोडल्या.

संदेश शनिवारी संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर पडला आणि शर्टाच्या आत काहीतरी लपवून परतला. जिना खिडकीला लागून असल्यामुळं मला दिसलं. पण मी मुद्रितं तपासतो, माणसं नाही.

रविवारी टेबलावर पिवळीधमक पपई. त्यानं ती ओल्या फडक्यानं पुसली होती. देठाला आपल्या झाडाचं पानही बांधलं होतं. पाळकीणबाई म्हणाल्या, "वा, संदेश! सुंदर!" नाव पुकारायला त्यांनी तोंड उघडलं आणि सवयीनं पपई उलटी केली.

खाली बागायतदार कंपनीचं गोल स्टिकर!

दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडणारा माणूस, स्वतःच्या पपईच्या बुडाखाली बघायला विसरला. बाईंनी ते स्टिकर नखानं काढलं, उजेडात धरलं आणि म्हणाल्या,

"देवानं आता कंपनी काढलेली दिसते!"

अख्खी मंडळी हसली. संदेशही हसला. पण घरी आल्यावर जिना चढताना म्हणाला, "खोटं नव्हतं करायला पाहिजे, काका." रूथनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली, एवढंच.

*

यंदा जूनमध्ये मी कपाट आवरत होतो. औषधाच्या एका बाटलीत दुधीच्या बिया सापडल्या. वर विमलच्या अक्षरात चिठ्ठी: 'दुधी, माहेरचा.'

मी बाटली खिडकीतून संदेशच्या हातात दिली. त्यानं चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, "काका, ह्या वर्षी चूक नाय होणार."

वरून रूथ म्हणाली, "लिहून घ्या, काका. तारखेसकट!"

*

मध्येच वेरूळची सहल झाली. रूथ नुकतीच गाडी शिकली होती. जुनी, छोटी गाडी, पण लायसन्स नवंकोरं. मी आणि एस्तेर मागं. संदेश शेजारी बसून इन्स्पेक्शन करत होता. "क्लच. क्लच. आरसा बघ. हॉर्न कशाला?" छावणी ओलांडेपर्यंत रूथनं ऐकून घेतलं. मग तिनं गाडी कडेला लावली.

"काका, तुम्ही पुढं या. संदेश, मागं!"

एरवी चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणते. नाव घेतलं म्हणजे विषय संपला.

पुढं दौलताबादची जुनी वेस लागते, जिच्यातून एका वेळी एकच गाडी जाते. आम्ही निम्मे आत, आणि समोरून पर्यटकांची बस! मागून संदेशनं श्वास आत घेतला तो आम्हा सगळ्यांना ऐकू आला. रूथनं हँडब्रेक ओढला, हात बांधले आणि बसच्या ड्रायव्हरकडं शाळेत मुलांकडं पाहते तसं पाहिलं.

बस मागं गेली! बाजूनं जाताना ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "निकलो, मॅडम. हमारे घर में भी ऐसीच एक है!"

लेण्यापुढं संदेश कितीतरी वेळ मान वर करून उभा राहिला. एवढं मोठं देऊळ, एकाच डोंगरातून वरून खाली कोरलेलं. शेवटी हळूच म्हणाला, "काका, इथं एक पीस रिजेक्ट झाला असता तर?"

"तर डोंगर बदलावा लागला असता."

तो तब्बल दहा मिनिटं गप्प बसला. रूथ म्हणाली, "ह्यांना दर शनिवारी इथं आणायचं!"

परतताना त्यानं रस्त्याकडेच्या एका शेतातून शेणखताचं पोतं घेतलं आणि डिकीत टाकलं. दुसऱ्या दिवशी रविवार. त्याच गाडीतून उपासनेला गेलो. त्या दिवशी आमच्या बाकावर ऐसपैस जागा होती. पुढच्या बाकावरही.

*

ऑक्टोबर उजाडला. वेल गच्चीभर पसरला, पण बारीक बारीक दुधी धरायचे, पिवळे पडायचे आणि गळायचे. संदेशला कारण माहीत होतं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, आणि आमच्या भागात तेव्हा त्याच्याकडं येणारे किडे फारसे उरलेले नाहीत. नर फूल तोडून हातानं मादी फुलाला लावावं लागतं. आणि ह्याची सेकंड शिफ्ट!

एका संध्याकाळी कारखान्याच्या कँटीनमधून व्हिडिओ कॉल आला. "काका, आज दोन फुलं उमलणारेत. सण तीन आठवड्यांवर आलाय. रूथ महिला मंडळाच्या मीटिंगला गेलीय. तुम्हीच जा वर."

विमल गेल्यापासून मी गच्चीवर गेलो नव्हतो. ते त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "सोपं हाय, काका. लग्न लावायचं, बस्स."

मी गेलो. एका हातात फोन, दुसऱ्या हातात एस्तेरचा हात. पांढरी फुलं अंधुक उजेडात उठून दिसत होती. मी चष्मा लावला, नीट पाहिलं, एक फूल तोडलं आणि फोनपुढं धरलं.

फोनमध्ये संदेशच्या खांद्यावरून सात-आठ कामगार डोकावत होते. सगळ्यांनी एकदम कपाळाला हात लावला.

"काका," संदेश म्हणाला, "ती नवरी होती."

फुलाच्या मागं करंगळीएवढा दुधी होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द तपासले, आणि हे दिसलं नाही! तेवढ्यात एस्तेर पानांखालून ओरडली, "आजोबा, इथं अजून एक नवरी आहे!"

ह्या वेळी मी सावकाश, संदेश सांगेल तसं केलं. नवरदेव तोडला, पाकळ्या मागं सारल्या. मंडळीतली लग्नं पाहिलेली एस्तेर मोठ्यानं म्हणाली, "ह्या लग्नाला कोणाची हरकत आहे का?" मग खाली वाकून बघितलं. "एका मुंगीची आहे!"

मुंगी बाजूला केली. लग्न लागलं. वाळूजच्या कँटीनमध्ये टाळ्या पडल्या, कोणीतरी शिट्टीही मारली!

*

तो दुधी वाढला. रोज बोटभर वाढला. भारानं देठ तुटू नये म्हणून संदेशनं त्याला झोळी बांधली. रूथ दोन दिवस तिची निळी रेशमी ओढणी शोधत होती. सापडली ती गच्चीवर, दुधीखाली.

मला वाटलं, आता दुधीचं काही खरं नाही. रूथनं झोळीची गाठ तपासली आणि खाली आली.

"माझ्या बाळंतपणात एवढी काळजी घेतली नव्हती ह्यांनी!" असं म्हणून तिनं दुसरी ओढणीही वर नेऊन दिली.

*

कापणीच्या सणाचा रविवार. रूथ गाडी चालवत होती. संदेश मागं, मांडीवर दुधी, आणि दोघांवरून एकच सीटबेल्ट. दुधी एस्तेरच्या खांद्यापर्यंत येत होता. फिक्का हिरवा, एक डाग नाही. "बापाला सांगून ठेवलंय," तो म्हणाला. "नाव पुकारताना फोन चालू ठेवणार आहे."

टेबलापाशी पोचलो. पाळकीणबाईंनी दुधीकडं पाहिलं, मग संदेशकडं, मग पुन्हा दुधीकडं. मागं उभे असलेले सगळे पुढं सरकले. पपई कोणीच विसरलं नव्हतं.

"संदेश, उलटा करून बघू ना?"

"बघा की, बाई. बघायलाच पाहिजे."

त्यांनी दोन्ही हातांनी दुधी उचलला आणि उलटा केला. बुडाशी स्टिकर होतं!

हशा सुरू झाला. रूथ हसत नव्हती. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. संदेशनं खिशातून फोन काढला, बापाचा नंबर लावला आणि फोन टेबलाकडं धरला.

बाईंनी चष्मा लावला. स्टिकर हिरवं होतं. त्यांनी नेहमीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"ओके. तपासणारा, संदेश भालेराव." मग त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली, आणि आवाज जरा खाली आला. "बनवणारी... विमलकाकू."

हशा थांबला. फोनमधून संदेशच्या वडिलांचा आवाज आला, "काय म्हणाल्या रं? कुणाचं नाव पुकारलं?"

"बरोबर पुकारलं, दादा," संदेश म्हणाला.

पाळकीणबाईंनी दुधी टेबलावर ठेवला नाही. छातीशी धरून त्या मधल्या वाटेनं सरळ वेदीपर्यंत गेल्या. तिथं कणसांच्या मधोमध तो उभा केला, वळल्या आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"माल पास!"