घाऱ्या डोळ्यांची शिकवणी

अमेरिकेत एडिसनमधले आमचे नायजेरियन शेजारी लिफ्टमध्येही गॉगल लावत. त्यांचे डोळे घारे. दिसले की लोक विचारत, "घरात गोरं कोण होतं?" मग शिकवणी सुरू होई. "कोणी नाही. आजीचेही असेच होते. जनुकातला असा बदल आफ्रिकेतही आपोआप होतो, त्याला पाहुणा लागत नाही." गावच्या शाळेत जनुकांचा धडा मी पाठ केला होता, कळला तो या लिफ्टमध्ये.

त्यांच्या मुलीचेही डोळे घारे निघाले. परवा तिला कडेवर घेऊन ते लिफ्टमध्ये आले, गॉगल नव्हता.

"विसरलात?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"नाही काकू. बाप डोळे लपवतो, हे तिने बघायला नको."

काकूंनी बाळाला निरखलं. "असे डोळे आमच्या कोकणातले. ही आमचीच."

मी शिकवणीची वाट बघत होतो.

"हो काकू," ते म्हणाले, "व्हाया लागोस."