न संपलेला सत्यनारायण

झरीच्या काकांनी एक सत्यनारायण सहा वर्षे घातला. खोटे वाटत असेल तर वाटू द्या; पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनाही वाटले होते.

काका भिक्षुकी करीत. निजामीत मराठी शाळा काढायची तर सरकारी परवानगी लागे, आणि ती मिळवायला बाराखडी नव्हे, वशिला पाठ असावा लागे. काकांनी शाळा काढलीच नाही. ओट्यावर चौरंग मांडला, कलश ठेवला आणि भोवती गोरगरिबांची पोरे बसवली. पोलिसाची टोपी दिसली की पाट्या पत्रावळींखाली जात आणि काका मोठ्याने संस्कृत सुरू करीत.

एकदा अमीन थेट ओट्यापर्यंत आला. “ये क्या चल रा, महाराज?”

“सत्यनारायण, साहेब.”

“रोज?”

“यजमान गरीब हायेत. एका दमात पाच अध्याय झेपत न्हाईत. थोडं थोडं उरकायलोय.”

अमीनाने शिरा खाल्ला आणि गेला.

काकांकडे इयत्ता नव्हत्या, अध्याय होते. मेंढरं राखणाऱ्या म्हाळूला ते सांगत, “तुझी गया चौथ्या अध्यायात गेली बरं,” म्हणजे त्याची लेक जोडाक्षरे वाचू लागली. ही गया चौरंगाला खेटून बसते म्हणून गावच्या प्रतिष्ठितांनी काकांना लग्नामुंजीला बोलावणे बंद केले. काका म्हणाले, “बरं झालं. मुहूर्तापायी अध्याय बुडायले होते.”

मी तेव्हा नुकताच पत्रके काढू लागलो होतो, आणि पत्रके काढणाऱ्याला चौकशीला वेळ नसतो. ‘धूर्त पुरोहिताचे रोजचे ढोंग’ हे पत्रक मी छापून गावभर वाटले. येथे विद्येचा गंध नाही, केवळ पूजा चालते, असे त्यात ठणकावले. काकांनी ते दोनदा वाचले.

“लय चांगलं लिहिलंस लेका. आणखी चार दे. अमीनाला दाखवायला होतील.”

मग एक पत्रावळ उचलून त्यांनी खालची पाटी मला दाखवली. मी पिशवीतून चार पत्रके काढून दिली.

काका गेले, पुढे निजामीही गेली. महिन्याभरात गावात देशभक्तांचे अमाप पीक आले. मुंजीला काकांना टाळणाऱ्यांनीच त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती जाहीर केली: काकांकडे शिकलेल्या एका गरीब विद्यार्थ्याला परभणीच्या हायस्कुलात पाठवायचे. गयाने अर्ज केला.

“कुठं शिकलीस?” अध्यक्षांनी सभेत विचारले.

“सत्यनारायणात.”

“कितवी?”

“पाचवा अध्याय संपायला आला होता. काकाच संपले.”

सभा हसली. अध्यक्षांनी खिशातून पुरावा काढला: माझे पत्रक. “छापील आहे. तिथं शाळा नव्हतीच. लिहिणारे गृहस्थ इथंच बसलेत, विचारा.”

मी उठलो. भाषण जिभेवर तयार होते. ते गिळले, पत्रक घेतले आणि गयाच्या हातात दिले. “वाच.”

तिने वाचले. काकांना मी दिलेली एकेक शिवी, जोडाक्षरांसकट, न अडखळता. शेवटी माझे नाव आले, तेही वाचले. आता कोणी हसत नव्हते. तिने पत्रकाची घडी केली आणि माझ्यापुढे धरली.

“दादा, ‘पुरोहित’ला पहिली वेलांटी असती. तुमी दुसरी दिली.”

शिष्यवृत्ती गयाला मिळाली. वेलांटी मी त्याच दिवशी दुरुस्त केली. पत्रकातले बाकीचे दुरुस्त करायला आज बसलो आहे.