तिजेच्या टोपलीवरची राख

देवसिंगचं काम ऐकलं की बंजाऱ्यांच्या तांड्यात हसू पिकायचं. "पत्रे ठोकायचा पगार घेते म्हणे!" म्हातारी धुरपताबाई म्हणे. पण वीजघरात ते काम मोठ्या जोखमीचं होतं. कोळशाचा धूर धुराड्यात जाण्याआधी एका लोखंडी खोलीतून जाई. आतल्या विजेनं धुरातली राख पत्र्यांना चिकटे. दर दोन तासांनी देवसिंगनं लाकडी मोगरीनं एकेक पत्रा हळूहळू ठोकायचा, की राख खालच्या हौदात पडे.

चौसष्टच्या श्रावणात, बाजारच्या दिवशी, तो ठोकण्याच्या दोन पाळ्या चुकवून सायकलीनं घाटंजीला गेला. पुतणीसाठी, जमनीसाठी, तिजेच्या सणाच्या बांगड्या आणायला. परतल्यावर घाईघाईनं सगळे पत्रे एकदमच बडवले. साचलेला थर सुटला तो खाली न पडता धुराड्यातून भुस्सकन वर गेला आणि वाऱ्यासंगं तांड्याकडे सरकला. तांड्यातले सगळे निंदणाला गेले होते. कुणी पाहिलं नाही. देवसिंगनं तेवढं पाहिलं.

तांड्याचा मुख्य, नायक धावजी, याच्या दारी लाकडी माचावर कुवार पोरींच्या टोपल्या होत्या, त्यांत तिजेसाठी पेरलेला कोवळा गहू. वीजघराकडच्या कडेला जमनीची. दोन दिवसांत तिचा गहू करडा पडून पिवळा झाला.

"चुलीची राख सांडली हिनं, हात न धुता पाणी घातलं," धुरपताबाई कडाडली. "बाटवली तीज! खाली उतरवा टोपली."

"मी नाही केलं, आजी," जमनी रडत म्हणाली.

देवसिंग माचाजवळच बसला होता. खिशातल्या बांगड्या मांडीला रुतत होत्या. बोलावं तर नोकरी जाणार. धावजीनं माचाकडे हात नेला, तेव्हा कुठं देवसिंगच्या तोंडून शब्द फुटला.

"थांबा, नायक. चुलीची राख अशी चिकटत नाही." त्यानं गव्हाच्या पात्यावर बोट फिरवून सगळ्यांना दाखवलं. "ही वीजघरची हाय, माह्या हातनं उडाली. मी पाळी सोडून बाजारात गेलतो."

"काहून गेलता?" नायकानं विचारलं.

त्यानं बांगड्या काढल्या.

जमनीनं बांगड्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "काका, इतका वेळ मले सगळे बोलून राह्यले. तुमी तिथंच बसले होते ना?"

त्यानं बांगड्या माचाच्या कडेला ठेवल्या.

टोपली माचावरच राहिली. सकाळी वीजघराच्या साहेबासमोर कबुली द्यायला उभं राहायचं होतं. त्याआधी देवसिंग लोटा घेऊन बसला आणि एकेक पातं धुऊ लागला. गहू पिवळाच राहिला. बांगड्या माचाच्या कडेला पडून होत्या. जमनीनं त्यांना हात लावला नाही.