पुलीवरचा लाल रंग

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. घरात सगळं बोललं जातं – शेताचं, सोयरिकीचं, कुणाच्या दुखण्याचं – पण हे कधी तोंडातून निघालं नाही. आज तुमच्याशी बोलतोय.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. त्याचा मला अभिमान आहे, अजूनही. बीएस्सी झाल्यापासून वडिलांनी माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही. फवारा कोणता, बी कोणतं – "त्याला इचारा," म्हणायचे. पुढचं सगळं त्यावरच घडलं, म्हणून आधी सांगितलं.

ट्रॅक्टर तात्या चालवायचे. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. शाळा चौथीतच सुटली, लग्न केलं नाही. राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात मळणी सांगायला लोक यायचे ते वडिलांकडे नाही, तात्यांकडे. त्यांचं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्या वर्षी ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर उभा होता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तात्या ट्रॅक्टरचा नवा फॅनबेल्ट आणायला निघाले आणि मला म्हणाले, "पुल्यांच्या खाचा पॉलिश पेपरनं घासून ठिव. गंज राह्यला तर नवा बेल्ट खाऊन टाकील."

घासल्या – थोड्या. अवघड होतं का? नाही. पण नखांत गंज गेला आणि वाटलं – हे काय माझं काम आहे? पूजेसाठी नांगराला, मळणी यंत्राला लाल ऑइलपेंट देणं चालू होतं. डबा समोरच. मी खाचांतूनही ब्रश फिरवला. गंजावरूनच.

सकाळी बेल्ट चढवताना तात्या हसले. "नवरीगत नटवलंयस की रं! खाचंत कशाला रंग?"

"सणाचं म्हणून."

"निघंल तो चालू झाल्यावर. खालनं घासल्यात ना पर?"

"दोनदा."

"मंग झालं." नख लावूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी. मग हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ.

दसरा झाला, सोयाबीनच्या मळण्या लागल्या. एका शेजाऱ्याच्या रानात तात्या यंत्रात सोयाबीन लोटत होते – ट्रॅक्टर जागेवर उभा राहून यंत्र चालवतो तेव्हा सीटवर कुणी बसत नाही, आमच्याकडे सगळे असंच करतात. बेल्ट तुटला. इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप थांबला. धुरळ्यात कुणाला कळलं नाही, आणि इंजिन जाम झालं.

वडील आले. तुटलेला बेल्ट मी उचलला. आतून लाल, आणि त्या लालात गंजाचा भुगा. कळलं का मला? तिथल्या तिथं कळलं. तो मी भुसाच्या ढिगात खुपसला.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. गप्प बसलो असतो, तर ते निदान भित्रेपण ठरलं असतं. मी गप्प बसलो नाही. म्हणालो, "बेल्ट जास्त ताणला असणार. आणि इंजिन तापताना काटा बघायला नको?"

शिकलेल्याचं म्हणणं. वडिलांनी चार माणसांत हात पुढं केला. तात्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. मग बेल्ट कुठं गेला म्हणून थोडा वेळ खाली शोधत राहिले.

इंजिन दुरुस्त झालं. किल्ली त्यांना परत मिळाली नाही. वडील जाऊनही आता बरीच वर्षं झाली, ट्रॅक्टर माझ्या नावावर आहे – मला कोण अडवत होतं? मी पगारी ड्रायव्हर ठेवला. तात्या ट्रॅक्टर धुतात, पाणी भरतात, हवा बघतात. सीटवर बसत नाहीत.

यंदा ड्रायव्हर नवा आहे. परवा तात्या त्याला समजावत होते, "काट्यावर ध्यान ठिवीत जा, बाबा. म्या न्हाई ठिवलं. बेल्टबी जादा ताणला हुता. माझ्या हातनं इंजिन गेलं."

माझंच वाक्य. त्यांना आता ते खरंच वाटतं.

मी मागंच उभा होतो. म्हणालो, "तात्या, चला, जेवायला वाढलंय."