खार्टुमची शाळा आणि आमची भिंत

"मले काय विचारतेस? भिंतीले विचार."

आमच्या चित्रकलेच्या सरांना काहीही विचारलं की हेच उत्तर मिळायचं. झाडाला कोणता हिरवा देऊ? भिंतीले विचार. नाक नीट जमत नाही. भिंतीले विचार. असं म्हणताना ते उजव्या हाताचा अंगठा हवेत फिरवत, जणू समोर खरंच ओली भिंत आहे. आरमोरीच्या शाळेत आम्ही सगळेच त्यांची नक्कल करायचो. एकदा इतिहासाच्या बाईंनी प्रश्न विचारला आणि मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "भिंतीले विचारा बाई." मग तासभर सगळा वर्ग उभा.

चित्रकलेचा तास कसा असतो ते तुम्हालाही ठाऊक असेल. गणिताचे धडे राहिले की पहिल्यांदा तोच तास जातो. कोणी मागितला की सर तो देऊन टाकायचे, पण आठवड्यातला एक तास मात्र हट्टाने ठेवायचे. त्या तासाला ते चित्र काढायला लावत नसत, गोष्ट सांगत. आणि गोष्ट नेहमी एकच, सुदान देशातल्या खार्टुम शहरातल्या चित्रशाळेची.

आरमोरीच्या मास्तरला सुदान कुठून भेटला, असं तुम्हाला वाटेल. सर नागपूरला शिकत असताना शेजारच्या खोलीत एक सुदानी मुलगा भाड्याने राहत होता. तो औषधशास्त्र शिकायला आला होता. त्याचा मामा त्या चित्रशाळेत शिकलेला. मायदेशी परतताना त्याने मामाची एक जुनी चित्रपुस्तिका सरांना देऊन टाकली. सर ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवत आणि हात धुतल्याशिवाय कोणाला लावू देत नसत.

"नकाशा पाहा," ते सुरुवात करत. "आपल्या इथी चपराळ्याजवळ वर्धा न वैनगंगा भेटतात ना, तशा खार्टुमले दोन नाईल भेटतात. एक निळी, एक पांढरी."

मग शाळेचा इतिहास येई. इंग्रजांच्या राज्यात तिथल्या कॉलेजात चित्रकला शिकवायला लागले. शिकवणारे इंग्रज. मुलं सुरई, फळं, प्लास्टरचे पुतळे काढायला शिकली. त्यातली हुशार होती ती लंडनला जाऊन आली. परत आलेल्या एकाने खार्टुममध्ये आपलं प्रदर्शन भरवलं.

"पह्यल्या दिवशी लोक आले. मंग कोणी फिरकलं नाई." इथे सरांचा आवाज चढे. "लोक काय आंधळे होते? नाई. त्यायच्या घरातलं काहीच त्या चित्रात नव्हतं."

तो चित्रकार मग गावोगाव हिंडला. लोक घरात काय टांगतात, कशावर नक्षी काढतात, ते पाहत गेला. पवित्र वचनांची वळणदार अक्षरं त्याला जागोजागी दिसली. त्याने ती अक्षरं मोडली, उकलली आणि त्यांच्या पोटातून पक्षी, प्राणी, चेहरे बाहेर काढले. त्याच्यासारखे त्या शाळेत आणखी काहीजण होते. पुढे दुसऱ्या देशांतल्या चित्रकारांनीही त्यांच्याकडे पाहून आपापल्या घरात पाहायला सुरुवात केली.

सरांना सगळ्यात आवडे तो शेवटचा भाग. काही वर्षांनी त्याच शाळेतली नवी मुलं उठली आणि म्हणाली, तुमची अक्षरं, तुमची नक्षी पुरे झाली, आम्हाला दुसरं काही दिसतं आहे.

"मास्तरायले तोंडावर सांगतलं!" सर टाळी वाजवत. "असं पाह्यजे. तवा शाळा जित्ती आहे म्हणावं."

यातलं काही परीक्षेत येत नसे. पण बारावी झाली तेव्हा मला एवढंच नीट आठवत होतं.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिली. बाबा आणि दादा राइस मिलमध्ये पोती वाहतात, आई धानाच्या रोवण्याला जाते. नागपूरच्या चित्रकलेच्या कॉलेजात मुलाखतीला दहा चित्रं घेऊन जायचं होतं. बाबा म्हणाले होते, एकदा पाहून घे, नाही झालं तर नर्सिंगचा फॉर्म भर. नर्सिंग वाईट नाही. पण मला ते नको होतं, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

सरांनी मला ती पुस्तिका घरी नेऊ दिली. आठ दिवस राबून मी दहा चित्रं काढली. वाळूचे रंग, लांबट चेहरे, आणि त्यांच्यामधून वळणं घेत गेलेली अरबी अक्षरं. मला ती फार छान वाटली. सरांनी ती शाळेच्या व्हरांड्यात जमिनीवर मांडली आणि एकेका चित्रापुढे थांबत चालले.

"हे काय लिवलं आहे?"

"माहीत नाही सर."

"मंग लिवलं कसं?"

"पाहून."

सर खाली बसले. रागावले नव्हते, थकल्यासारखे दिसले. "इतके वर्स सांगून राह्यलो, न तू हे शिकली? त्यायनं आपल्या घरातलं पाह्यलं. तू त्यायच्या घरातलं पाहून राह्यली." मग त्यांनी चित्रं गोळा करून माझ्या हातात दिली. "मुलाखत कवा आहे?"

"सोमवारी."

"आज मंगळवार. लय दिवस आहेत."

"पण मी काढू काय सर?"

विचारताच मला उत्तर कळलं आणि रडू आलं.  सरांनी नुसता अंगठा हवेत फिरवला.

घरी आले तेव्हा आई पाऊस यायच्या आत भिंत पोतत होती, पांढऱ्या मातीने. आपल्याकडे लग्न असलं की घराच्या दर्शनी भिंतीवर पेंटरकडून नवरा-नवरीची नावं लिहून घेतात. गावातून जाताना तुम्हीही अशी नावं वाचली असतील. आमच्या भिंतीवर वर 'नमो बुद्धाय' आणि खाली आईबाबांची नावं आहेत, निळ्या रंगात. तो पेंटर हौशी असणार. आईचं नाव शेवंता. त्यातल्या 'शे'चा त्याने मासा केला होता, शेपूट, खवले, डोळा सगळं काढून. बाबांचं नाव दरवर्षीच्या पोतण्यात अर्धं बुजलं होतं. मासा जसाच्या तसा होता. आईचा पोतेरा त्याच्या काठाकाठाने, अगदी हळू फिरत होता.

हे मी जन्मापासून पाहत होते. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं.

"आई, तेवढं काऊन सोडतेस?"

"माहं नाव आहे ते."

"तुले वाचता येते?"

"वाचाले कायले लागते? मासा दिसते ना. मासा म्हणजे मी." पोतेरा बादलीत बुडवत ती पुढे म्हणाली, "तुहे बाबा राशन कार्डावर बोट ठेवून म्हणतात, इथी तुहं नाव आहे. मी नीट पाह्यलं. त्याच्यात मासा नाई."

ती स्वतःच हसली. मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि पेन्सिल काढली.

चार दिवस मी आमच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, भिंती पाहत हिंडले. कोणाच्या नावात मोर होता, कोणाच्या धानाची लोंबी. रविवारी सर सायकलने घरी आले. दहाही नवी चित्रं पाहिली आणि एकच बोलले, "माशाचा डोळा मोठा झाला. आईले दाखव." आईला दाखवलं. आई म्हणाली, "डोळा मोठा झाला."

मुलाखतीत एकांनी विचारलं, "ही शैली कुठली? गोंडी का?" मी म्हणाले, "खार्टुमची." ते एकमेकांकडे पाहू लागले. मग मी म्हणाले, "म्हणजे आमच्या भिंतीची." पुढे मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. घाम आला होता एवढं आठवतं. दुसऱ्या यादीत माझं नाव लागलं. सरांना सांगायला गेले तर म्हणाले, "आता तिथच्या मास्तरायचं ऐक. मंग नोको ऐकू."

निवृत्त झाल्यावर सर भद्रावतीला मुलीकडे राहायला गेले. शेवटचं मी त्यांना तिच्या क्वार्टरमध्ये भेटले. खूप वाळले होते. सुदानात लढाई सुरू झाली होती आणि मोबाईलवर खार्टुमच्या जळक्या इमारती दिसत होत्या. सुदानी मित्राच्या जुन्या नंबरावर ते रोज फोन लावत. लागत नव्हता.

"ते शाळा असन का, पोरी?" त्यांनी मला विचारलं.

इतकी वर्षं अडलं की मी त्यांना विचारायचे, आज ते मला विचारत होते. नेहमीचं उत्तर माझ्या जिभेवर आलं आणि मी ते गिळलं. सरांच्या ते लक्षात आलं.

"म्हण ना," ते किंचित हसले. "भिंती राह्यल्या असतीन तं विचारू."

निघताना त्यांनी चित्रपुस्तिका माझ्यापुढे धरली. मी आधी आत जाऊन हात धुतले. त्या हिवाळ्यात सर गेले.

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या दादाचं लग्न ठरलं. भिंतीवरची नावं मीच लिहायची होती. सकाळी ब्रश घेऊन बाहेर आले तर आईचा पोतेरा माशावरून फिरत होता. मी तिचा हात धरला.

"सोड वं," ती म्हणाली. "माहं नाव पुरे झालं. सून येऊन राह्यली, तिले पाह्यजे का नाई जागा? मासा तुह्या कागदावर आहे ना?"

भिंत वाळायची वाट पाहताना मी होणाऱ्या वहिनीला फोन केला. ती शिकलेली आहे, अंगणवाडीत काम करते. तुझ्या नावात काय काढू, मोर काढू की लोंबी, असं मी मोठ्या हौसेने विचारलं.

"ताई, नुसतं साधं लिहा," ती म्हणाली. "मले वाचता येते."

मी साध्या, सरळ अक्षरांत तिचं नाव लिहिलं. टाळी वाजवायला सर नव्हते. माझे हात निळ्या रंगाने भरले होते, म्हणून मीही वाजवली नाही.